विझाग, बीच रोडची बस आणि सोलापूरची आत्या

समुद्र पाहिजे, ऊन पाहिजे आणि खिशाला कात्री नको असं म्हटलं की आपल्याकडची मंडळी गोवा नाहीतर तारकर्ली ह्याच्या पलीकडे विचारच करत नाहीत. मी ह्यावेळी आत्याला घेऊन विशाखापट्टणमला जाऊन आले, म्हणजे विझागला, आणि स्वस्त का पडलं ते तिथे फिरताना हळूहळू कळत गेलं. हे शहर टुरिस्टांवर जगतच नाही. बंदर आहे, नेव्ही आहे, स्टील प्लांट आहे, मासळी आहे. बीचवर येणारी माणसं गावातलीच, त्यामुळे भेळवाल्यापासून बसपर्यंत सगळ्याचे भाव गावातल्या माणसाला परवडतील असेच.

आत्या सोलापूरची, शाळेतून रिटायर झालेली. सगळी हयात पूर्वभागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातल्या, शेजारणींमध्ये गेल्यामुळे तिला मोडकंतोडकं तेलुगू येतं आणि ते आपल्याला उत्तम येतं असा तिचा ठाम समज आहे. ह्या समजावर आमचे बरेच पैसे वाचले.

जाताना

कोणार्क एक्सप्रेस, स्लीपर. मी पुण्यात बसले, आत्या रात्री सोलापूरला चढली, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. सीनियर सिटिझनची तिकिटातली सवलत २०२० पासून बंद आहे ह्यावर तिने समोरच्या काकांना अर्धा तास धारेवर धरलं, जसं काही ती त्यांनीच बंद केली. लोअर बर्थ मात्र मिळाला होता. तिकीट माणशी सहाशेच्या आसपास. सकाळी सिकंदराबाद, मग वरंगळ, विजयवाडा, आणि मग दुपार कलताना राजमहेंद्री.

राजमहेंद्रीला खिडकीत बसाच. नाशिकला रामकुंडावर आपण जी गोदावरी बघतो ती इथे एवढी पसरलीय की गाडी पुलावर शिरली की पूल संपायचं नावच घेत नाही. जवळपास पावणेतीन किलोमीटर. १९०० सालचा जुना हॅवलॉक पूलही दिसतो, तो आता रेल्वेसाठी बंद आहे. डब्यातले लोक उठून नाणी टाकायला लागले, आत्यानेही रुपया टाकला आणि मला म्हणाली, "तू पण टाक की, आपल्याकडूनच आलीय ती."

विझागला पोचेपर्यंत रात्र झाली. स्टेशन असं आहे की गाडी ज्या बाजूने आत शिरते त्याच बाजूने बाहेर पडते, त्यामुळे भुवनेश्वरला जाणारी मंडळी इंजिन बदलेपर्यंत निवांत चहा पीत बसतात. आमचा लॉज आरटीसी कॉम्प्लेक्सच्या मागच्या गल्लीत. दोघींना नऊशे, नॉन एसी, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच आणि ते पण बादलीने. बीचसमोरची हॉटेलं ह्याच्या तिप्पट, आणि खरं सांगू का, समुद्र बघायला पहाटे बाहेर पडायचंच आहे तर खिडकीतून बघायचे दोन हजार कशाला द्यायचे. कॉम्प्लेक्स म्हणजे मुख्य बस स्टँड. गावातल्या बहुतेक बसेस तिथून मिळतात, म्हणून राहायला तोच भाग धरा.

पहिला दिवस

कोकणात आपण समुद्रात सूर्य बुडताना बघतो, इथे तो समुद्रातून वर येतो, त्यामुळे बीचची खरी वेळ पहाट. आर के बीच म्हणजे रामकृष्ण बीच, जवळच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे त्यावरून नाव. पहाटे बीच रोड गाड्यांना बंद असतो आणि अख्खं गाव रस्त्याच्या मधोमध चालत असतं, बायका साडीवर स्पोर्ट्स शूज घालून, रिटायर्ड नेव्हीवाले ताठ मानेने, पोरं स्केटिंग करत, कोपऱ्यात कुणीतरी नाचणीची आंबील विकतंय. फुकटात एवढी करमणूक आम्हाला नंतर कुठेच मिळाली नाही. म्हणून आम्ही रोज तिथेच जायचो.

पाण्यात मात्र जपून. वाळू लगेच खोल उतरते आणि लाट परत जाताना चांगलीच ओढते, बुडाल्याच्या बातम्या इथे नेहमीच्याच. आत्या घोट्याएवढ्या पाण्याच्या पुढे गेली नाही आणि मलाही जाऊ दिलं नाही. ह्या बीचची वाळू सारखी वाहून जाते म्हणे. बाहेरचं बंदर बांधल्यापासून किनाऱ्याने येणारी वाळू अडते, मग बंदरवाले गाळ उपसताना निघालेली वाळू पाइपने आणून इथे टाकतात.

नाश्त्याला पेसरट्टू, म्हणजे भिजवलेल्या हिरव्या मुगाचा डोसा, आत उपमा भरलेला, वर आलं नि मिरची, सोबत आल्याची गोडसर तिखट चटणी. एकात दुपारपर्यंत पोट भरतं. पाटी इंग्रजीत आहे तिथे पन्नास रुपये जास्त, पाटी फक्त तेलुगूत आहे तिथे चव जास्त, हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला आणि त्याने दगा दिला नाही.

विशाखा म्युझियम बीच रोडलाच, जुन्या डच बंगल्यात. तिथे एक बॉम्ब ठेवलाय, ६ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी विझागवर टाकलेल्यांपैकी, न फुटलेला. दुसऱ्या महायुद्धात भारताच्या ह्या किनाऱ्यावर बॉम्ब पडले होते हे मला तोवर माहीतच नव्हतं, आत्याला होतं, कारण ती इतिहास शिकवायची.

दुपारी पाणबुडी. आयएनएस कुरसुरा. ही मात्र पैसे देऊन बघा, दोघींचं तिकीट मिळून सुद्धा एका कॉफी शॉपच्या बिलाएवढं नाही. सोव्हिएत बनावटीची, डिसेंबर १९६९ मध्ये नेव्हीत आली, २००१ मध्ये रिटायर, आणि २००२ पासून वाळूवर उभी. लांबी ९१ मीटर म्हणजे बाहेरून अवाढव्य वाटते पण आत शिरलात की दोन्ही हात पसरता येत नाहीत. सगळीकडे पाइप, चाकं, मीटर, प्रत्येकावर रंगाचे इतके थर की कडा गोल झाल्यात. एका भागातून दुसऱ्यात जायला गोल दार, आधी पाय घालायचा मग डोकं, आत्याने पदर खोचून ते एकदम जमवलं, माझंच डोकं आपटलं. इथे सत्तर-पंच्याहत्तर माणसं महिनोन् महिने राहायची. बंक असे की कूस बदलायची तर वरच्याला खांदा लागणार. टॉर्पेडोच्या नळ्यांशेजारीच झोपायची जागा, आणि २२ टॉर्पेडो घेऊन जायची ती. माहिती सांगणारे काका स्वतः नेव्हीतले, आत्याने त्यांना विचारलं की स्वयंपाकाला फोडणी दिली की खकाणा कुठे जायचा. ते खरंच थांबून हसले, आणि मग गॅली दाखवून सविस्तर सांगितलं, बाकीच्या ग्रुपला पण ह्यातच जास्त रस होता.

समोर रस्त्यापलीकडे टीयू १४२ हे नेव्हीचं जुनं टेहळणी विमान ठेवलंय, ते बाहेरूनच इतकं दिसतं की आम्ही आत गेलो नाही. जवळच १९७१ च्या युद्धाचं स्मारक. पाकिस्तानची गाझी पाणबुडी ३ डिसेंबरच्या रात्री ह्याच किनाऱ्यासमोर बुडाली. कुरसुरा बघून लगेच तिथे उभं राहिलं की आतल्या माणसांचं काय झालं असेल ते डोळ्यासमोर येतं आणि जरा नको वाटतं.

संध्याकाळी बीचवर मुरी मिक्स्चर, आपल्या भेळेची चुलत बहीण, चुरमुरे, कांदा, टोमॅटो, लिंबू, दाणे. चिंचेची चटणी नाही म्हणून आत्याने नाक मुरडलं आणि दुसरी प्लेट घेतली.

दुसरा दिवस

माझ्या मते विझागमधली सगळ्यात भारी वस्तू म्हणजे ९०० के नंबरची बस. रेल्वे स्टेशनवरून निघते आणि ऋषिकोंडावरून समुद्राच्या कडेने भीमिलीपर्यंत जाते. उजवीकडची खिडकी पकडायची. कॅबवाला ह्याच रस्त्याचे दिवसाचे अडीच तीन हजार सांगत होता.

बसमध्ये एक गंमत. आंध्रात १५ ऑगस्ट २०२५ पासून बायकांना एसटी फुकट आहे, स्त्री शक्ती योजना. आत्याला हे आधीच कुणीतरी सांगितलं होतं त्यामुळे ती ऐटीत आधार कार्ड काढून बसली. कंडक्टरने पत्ता वाचला, महाराष्ट्र, आणि तिकीट फाडलं. योजना आंध्रात राहणाऱ्यांनाच आहे. आत्याने तेलुगूत सांगून बघितलं की आमच्या एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे, तुमच्या बायका आल्या तर आम्ही पत्ता विचारत नाही. कंडक्टर म्हणाला, अम्मा, रूल. मागच्या सीटवरच्या बायकांनी मात्र आत्याची बाजू घेतली, आणि पुढचा अर्धा तास त्यांच्यात सोलापुरी चादरीपासून सुनांपर्यंत सगळं बोलून झालं, किती समजलं देव जाणे.

ऋषिकोंडा बीच स्वच्छ, २०२० मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ बीचचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालेला, शॉवर, कपडे बदलायच्या खोल्या वगैरे सगळं आहे. जेट स्की नि बोटिंगचे रेट ऐकून आम्ही वाळूवर बसलो. सुंदर आहे पण तासाभराच्या वर तिथे करायचं काय हा प्रश्न पडला.

तोटलकोंडा त्याहून कितीतरी भारी. टेकडीवर बौद्ध विहारांचे अवशेष, साधारण दोन हजार वर्षांपूर्वी भरभराटीत असलेले. नेव्हीला तळासाठी जागा हवी होती, विमानातून पाहणी करताना ह्या टेकडीवरच्या अवशेषांचा पत्ता लागला. आपल्याकडे कार्ले, भाजे, कान्हेरी म्हणजे कातळात कोरलेलं सगळं, इथे विटांची जोती, ओळीने छोट्या खोल्या, मधे स्तूपाचा गोल. पण खडकात खोदलेली पाण्याची टाकी दिसली आणि एकदम ओळखीचं वाटलं, कान्हेरीला असतात ना, अगदी तशीच. भिक्षूंनी इथे जागा का निवडली हे वर गेल्यावर विचारावं लागत नाही. समोर सगळा समुद्र. खालच्या रस्त्यापासून चढ आहे, ऊन लागतं, टोपी आणि पाणी घेऊन जा, वर फारसं काही मिळत नाही. चढताना आत्यासाठी रिक्षा केली, उतरताना चालत आलो.

पुढे एर्रा मट्टी दिब्बलू, लाल मातीच्या टेकड्या. टेकड्या म्हणजे खरं तर वाळूच, हजारो वर्षं समुद्राची पातळी वरखाली होताना साचलेली आणि लोहामुळे लाल झालेली, मग पावसाच्या पाण्याने त्यात घळी कापल्या. अशी माती तामिळनाडूत आणि श्रीलंकेत आहे, बाकी फार ठिकाणी नाही. आत शिरलं की दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर लाल भिंती, हात लावला की भुरभुर खाली येतात, म्हणून लावू नका. तिथे एक प्री वेडिंग शूट चालू होतं आणि फोटोग्राफर नवऱ्यामुलाला त्या भिंतीवर चढवत होता. आत्या शिक्षिका आहे हे त्याला दोन मिनिटांत कळलं.

भीमिली म्हणजे भीमुनिपट्टणम. डचांचं जुनं ठाणं, त्यांची दफनभूमी अजून आहे, पिरॅमिडसारख्या टोकदार कबरी. जुना दीपगृहाचा मनोरा, होड्या, जाळी वाळत घातलेली, आणि गोस्थनी नदी समुद्राला मिळते ती जागा. गर्दी जवळपास शून्य. किनाऱ्याजवळच्या एका बाईंच्या घरवजा खानावळीत भात, पप्पू म्हणजे वरण, गोंगुरा म्हणजे अंबाडीची चटणी, रसम, दही आणि माझ्यासाठी कोळंबी फ्राय. आधी भातावर तिखट पूड आणि तूप घालून देतात, नुसतं तेवढंच खाऊन उठलं तरी चालेल. दोघींचं मिळून तीनशेच्या आत. भात संपला की परत वाढतात, नको म्हटलं की रागावतात.

तिसरा दिवस

अराकू, म्हणजे घाटावरचं थंड हवेचं खोरं. किरंदुलची पॅसेंजर सकाळी सातच्या आत निघते, जनरलचं तिकीट किरकोळ, पण जागेसाठी सहालाच स्टेशनवर जायला लागतं. काचेच्या डब्याचं भाडं बघून आम्ही त्याचा फक्त फोटो काढला. छत्तीसगडमधल्या बैलाडिलाच्या खाणींचं लोहखनिज बंदरात आणून जपानला पाठवायला ही लाइन बांधली, घाटात ५८ बोगदे, प्रत्येक बोगद्यात सगळा डबा ओरडतो, पहिल्या दहा बोगद्यांपर्यंत मजा येते.

आम्ही बोर्रा गुहालूला उतरलो. चुनखडीची प्रचंड गुहा, छतातून झुंबरं लोंबल्यासारखे दगड. ह्या भागातून वाहते ती गोस्थनी, म्हणजे काल भीमिलीला जिचं तोंड पाहिलं तीच नदी, आणि ही गुहा तिच्याच कामाची. हे कळल्यावर मला गुहेपेक्षा नदीचंच कौतुक वाटलं. आतली रंगीत लायटिंग मात्र कुणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे, लाल निळ्या उजेडात गणपतीचा देखावा वाटतो. पुढे अराकूला कॉफी, बांबूत शिजवलेलं चिकन, आदिवासी म्युझियम. कॉफी छान, चिकनचं कौतुक जरा जास्तच झालंय. येताना बसने साडेचार तास लागले, आत्याचं अंग आंबून गेलं. पैसे कमी गेले पण दिवस फार गेला. समुद्रासाठीच जात असाल तर अराकू सोडलं तरी हरकत नाही, किंवा मग तिथे एक रात्र राहा.

चौथा दिवस

पहाटे फिशिंग हार्बर. वास सहन होत असेल तरच. शेकडो बोटी एकमेकींना चिकटून उभ्या, धक्क्यावर टोपल्या ओतल्या की लिलाव सुरू, आणि लिलावात बायकांचाच आवाज. वंजरम म्हणजे आपली सुरमई, आणि माणसाच्या पायाएवढे टुना, बर्फात नुसते रचून ठेवलेले. एक बाई कोळंबीच्या ढिगासमोर बसून साइझप्रमाणे वेगळी करत होती, न बघता, बोटांनीच, आणि तोंडाने भाव चालू. चार ढीग झाले तरी एक कोळंबी चुकली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ह्याच हार्बरला रात्री आग लागून चाळीसच्या आसपास बोटी जळाल्या होत्या. आत्याने एका म्हाताऱ्या कोळ्याला त्याबद्दल विचारलं. तो बराच वेळ बोलला, तिने मला एवढंच सांगितलं की बोट परत आली पण कर्ज गेलं नाही म्हणतोय.

तिथून जुन्या गावाकडे. बंदराच्या तोंडाशी शेजारीशेजारी तीन टेकड्या, एकीवर चर्च, एकीवर दर्गा, एकीवर वेंकटेश्वराचं देऊळ. आम्ही चर्चच्या रॉस हिलवर चढलो. खाली बंदराची चिंचोळी वाट आणि पलीकडे डॉल्फिन्स नोजचा डोंगर, त्या दोघांमधून एक मालवाहू जहाज आत येत होतं, इतकं जवळून की डेकवरचा वाळत घातलेला टॉवेल दिसत होता. ह्या बघण्याचं तिकीट शून्य रुपये.

दुपारी यारादा बीचला जाताना बसने सिंधिया नावाचा स्टॉप लागतो. वालचंद हिराचंदांची सिंधिया कंपनी, जिने १९४१ मध्ये इथे जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला, तोच आताचा हिंदुस्तान शिपयार्ड. इथून १९४८ मध्ये जलउषा जहाज पाण्यात उतरलं, नेहरूंच्या हस्ते. वालचंद सोलापूरचे, त्यामुळे आत्याला आता विझाग थोडंसं आपलंच वाटायला लागलं आणि तिने शेजारच्या बाईला ते सांगितलं सुद्धा. यारादा डोंगराच्या पलीकडे आहे, घाटातून उतरताना नारळाच्या झाडांमागे पिवळी वाळू दिसते, सगळ्यात सुंदर बीच हाच. इथेही लाटा वाईट, नुसतं बसायचं. परतीच्या बस कमी आहेत, आम्हाला रिक्षा करावी लागली, त्याने साडेचारशे सांगितले. आत्या म्हणाली, "एक्कुवा," म्हणजे जास्त. मग दोघांत बरंच काही झालं आणि अडीचशेवर ठरलं. उतरल्यावर तिने त्याला तीनशे दिले. का, तर म्हणे पोरगा चांगला होता.

निघायचा दिवस

सिंहाचलम राहिलं असतं तर आत्याने मला आयुष्यभर ऐकवलं असतं. २८ नंबरची बस जाते. वराह नरसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असते, मूळ रूप फक्त अक्षय तृतीयेला दिसतं. फुकट दर्शनाच्या रांगेत दीड तास. देवळात कृष्णदेवरायाचे १५१६ आणि १५१९ चे शिलालेख आहेत, ते पाहायला रांग नाही.

दुपारी पूर्णा मार्केटमधून मिरच्या आणि माडुगुला हलवा, गव्हाच्या चिकापासून करतात, डिंकासारखा चिवट आणि तुपाने माखलेला, पाव किलोच्या वर घेऊ नका, जात नाही. परतीला रात्रीची विशाखापट्टणम एलटीटी गाडी, ती इथूनच सुटते त्यामुळे चढायची घाई नाही.

दोघींचा सगळा खर्च, दोन्हीकडची रेल्वे धरून, तेरा हजारांच्या आत. त्यातले साडेचार लॉजचे, म्हणजे अजून कुणी तिसरं आलं असतं तर आणखी खाली आलं असतं. रिक्षांवर आम्ही काटकसर केली पण पाण्यावर आणि टोपीवर करू नका, फेब्रुवारीतसुद्धा अकरानंतर ऊन चांगलंच भाजतं. मार्चपर्यंत ठीक, मे महिन्यात घामाने जीव जाईल. ऑक्टोबर नोव्हेंबरात वादळांवर लक्ष ठेवून बुकिंग करा, २०१४ मध्ये १२ ऑक्टोबरला हुदहुद थेट ह्याच शहरावर आलं होतं. आणि पाणबुडी सोमवारी बंद असते, तेव्हा सोमवार भीमिलीच्या बसला ठेवा.